कनातीमागचं घमेलं

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अमरावतीला खंजिरी भजनाचा महोत्सव असतो, आणि त्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या घरात कुणाचं जेवणात लक्ष नसतं. निदान पूर्वी नसायचं. यंदा फक्त माझं नव्हतं.

मी रागिणी. अकोल्यात जठारपेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, गल्लीत आत, पण बायका शोधत येतात. यंदा मी पहिल्यांदाच त्या महोत्सवात मंचावर खंजिरी घेऊन बसणार होते. आमच्या महिला भजन मंडळाची जुनी खंजिरीवाली पुण्याला मुलाकडे राहायला गेली आणि मंडळाच्या प्रमुख बेबीताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून आठ महिने मी कापायच्या टेबलावर बोटं बडवत होते. गिऱ्हाईक माप द्यायला उभं असायचं आणि मी टेपनं ताल धरायचे. दोन ब्लाउज त्या नादात तोकडे झाले, ते मी गुपचूप भरून दिले.

आणि ज्या माणसानं मला हे वेड लावलं, ते माझे सासरे नत्थुजी, खाटेवर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते.

मी त्यांना मामाजी म्हणते. त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. त्यांना गाता येत नाही. टाळ हातात दिला तर तोही उलटा पडतो. नोकरी केली कपाशीच्या जिनिंगमध्ये, फिटर म्हणून, जिथे बिडी पेटवायलासुद्धा बंदी. आणि हौस कसली, तर विस्तवाची. खंजिरीवर कातडं असतं. थंडीत, दवात ते सैल पडतं, आवाज बसतो. ते विस्तवावर धरून तापवलं की पुन्हा ताणतं आणि आवाज उठतो. महोत्सव भर थंडीत. एकोणतीस वर्षांपूर्वी मामाजी पहिल्यांदा ऐकायला गेले तेव्हा एक मंडळ काड्या पेटवून पेटवून खंजिरी तापवताना त्यांनी पाहिलं, आणि पुढच्या वर्षी ते घरातलं लोखंडी घमेलं आणि बाभळीचे कोळसे घेऊन गेले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. मंचाच्या मागे, कनातीच्या पलीकडे, पाण्याची बादली शेजारी ठेवून बसले, ते दरवर्षी बसू लागले. मंडळं रांग लावायची. मामाजी खंजिरी उलटीपालटी धरायचे, बोटानं टिचकी मारून कान लावायचे. "नाई," म्हणायचे. पुन्हा धरायचे. "नाई." आणि मग एकदम, "बोलली." तो शब्द आला की खंजिरीवाला पळत मंचावर जायचा. मोठमोठ्या गावांतले नावाजलेले भजनी त्या एका शब्दासाठी थंडीत उभे राहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी मला नेलं. सासूबाई म्हणजे पार्वताबाई कधीच जात नाहीत. "धूर खायाले मी काहून येऊ," म्हणतात. मी समोर सतरंजीवर बसले आणि तीन दिवस उठले नाही. मामाजी मात्र मागेच. मी एकदा म्हटलं, "मामाजी, एकदा तरी समोर येऊन पाहा." तर म्हणाले, "समोर बसलं का माणूस कपडे पाहाते. मांगून आयकलं का खरं-खोटं कयते." अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मंचावरचा एकही चेहरा पाहिला नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मग फायबरच्या खंजिऱ्या आल्या. कातड्याऐवजी वर प्लास्टिकचा पातळ पडदा. थंडी असो की पाऊस, आवाज तोच. तापवायची गरज नाही. माझीही तीच आहे, खोटं कशाला बोलू. कातड्याची सांभाळायला वेळ कुणाला आहे? तरी मामाजींच्या घमेल्यापाशी दरवर्षी पाच-दहा जण यायचेच. खंजिरी विस्तवावर धरायचे, "काका, पाहा बरं," म्हणायचे. ते पाहून मला बरं वाटायचं. म्हणजे मान राहिला होता.

पण माणूस मात्र थंड होत चालला. पूर्वी दिवाळीपासून कोळसे निवडायचे, उन्हात वाळवायचे, पोत्यात भरून पोत्याला हात लावू द्यायचे नाहीत. तीन वर्षांपूर्वी ते डिसेंबरात आणले. गेल्या वर्षी आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून मागून आणले. आणि यंदा, मी खंजिरी घेऊन बसणार त्या वर्षी, मला म्हणाले, "तुमी जा. मले थंडी बाधते."

थंडी बाधते! ज्या माणसानं अठ्ठावीस जानेवाऱ्या उघड्यावर काढल्या त्याला?

माझं डोकं फिरलं. आणि त्याचं खरं कारण सांगते. आठ महिने मी शेजारच्या खोलीत खंजिरी वाजवत होते आणि हा माणूस भिंतीपलीकडे बसून ऐकत होता. एकदाही "बोलली" म्हणाला नाही. मी स्वतः जाऊन विचारलं, "कशी वाटली?" तर, "बरी हाय." बरी! बरी तर ब्लाउजची बाहीसुद्धा असते. बेबीताई वाहवा म्हणोत, परीक्षक बक्षीस देवोत, मला तो एक शब्द त्यांच्या तोंडून ऐकायचा होता. त्यासाठी त्यांनी अमरावतीला येणं भाग होतं. मंचावरून वाजवीन तेव्हा कनातीमागून त्यांनी ऐकायला हवं होतं.

मी दोन दिवस भांडले. शेवटी सासूबाईच मदतीला आल्या.

"घेऊन जाय त्यायले," त्या म्हणाल्या. "घरी रायले तर दिवसभर माहं डोकं खातीन."

"मी सामान पाहाले येतो फक्त," मामाजी म्हणाले. "घमेलं-बिमेलं काई नाई."

मी मान डोलावली, आणि पहाटे मंडळानं भाड्यानं घेतलेल्या क्रूझर गाडीच्या मागच्या सीटखाली घमेलं आणि इस्त्रीवाल्याकडचे कोळसे आधीच सरकवून ठेवले.

काय सांगू त्या सकाळचं! आम्ही सात जणी, निळ्या काठाच्या सारख्या साड्या, वरून स्वेटर, डोक्याला स्कार्फ. गाडी अकोल्याच्या बाहेर पडायच्या आत पहिलं भजन सुरू. मूर्तिजापूरला चहा घेतला तेव्हा मी अर्धा कप तसाच ठेवून सगळ्यांत आधी गाडीत जाऊन बसले. शेतांवर दव इतकं की तुरीची झाडं पांढरी दिसत होती. बडनेऱ्याच्या पुढे गेल्यावर मी खिडकीची काच खाली केली आणि बायकांनी मला शिव्या घातल्या. मला वाटत होतं, इथूनच मंडपातला माईक ऐकू येईल. मामाजी पुढे ड्रायव्हरशेजारी माकडटोपी घालून बसले होते.

मैदानावर पोचलो तर तेच सगळं, तरी नवं. लाल सतरंज्या, झेंडूच्या माळा, "हॅलो हॅलो माईक टेस्टिंग", पोह्यांचा वास. चिठ्ठ्या काढल्या. आमचा नंबर तिसरा. म्हणजे अर्ध्या तासात! मी गाडीकडे पळाले, घमेलं काढलं आणि मामाजींच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी घमेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू लय आगाव हायस," म्हणाले. पण उचललं.

पहिलं मंडळ संपलं, दुसरं मंचावर चढलं. मी आमच्या बायकांमधून निसटून कनातीमागे गेले. कोळसे फुलले होते. बादली भरून ठेवलेली होती. मामाजी विटेवर बसले होते, आणि आजूबाजूला कुणीही नव्हतं. रांग सोडा, हात शेकायलासुद्धा कुणी आलं नव्हतं. इतकं वाईट वाटलं की मी विचारच केला नाही. खाली बसले, पिशवीतून माझी खंजिरी काढली आणि म्हटलं, "मामाजी, जरा पाहा बरं. दवानं उतरल्यासारखी वाटते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खंजिरी विस्तवावर धरली.

"रागिणी, वर धर," ते म्हणाले.

हा आवाज मी किती वर्षांनी ऐकत होते! असंच तर ते सगळ्यांना सांगायचे. मला इतका आनंद झाला की खरं वाटावं म्हणून मी खंजिरी आणखी खाली नेली. चर्र असा आवाज झाला, घाण वास आला, आणि पापड भाजताना आकसतो तसा वरचा पडदा एका बाजूनं आकसून वर आला. मी झटक्यात हात मागे घेतला. उशीर झाला होता. मधोमध भोक पडलं होतं.

"प्लास्टिक हाय ते," मामाजी शांतपणे म्हणाले. "त्याले विस्तव कायले पाह्यजे?"

मी वितळलेल्या पडद्याच्या कडा बोटांनी ओढून पाहिल्या.

"माही कीव आली न तुले?" आता त्यांचा आवाज चढला. "तुलेबी! तीन-चार वर्सं झाले, पोट्टे येतात, प्लास्टिकच्या खंजिऱ्या माह्या विस्तवावर धरतात, हातभर वर, काका पाहा बरं म्हणतात. मी टिचकी मारतो. बोलली म्हणतो. ते हासत हासत जातात. मले काय कयत नाई? अठ्ठावीस वर्सं कान लावला मी. प्लास्टिक तापलं काय अन् नाई तापलं काय, त्याचा आवाज एकच. लोकायनं माहं मन राखाव अन् मी खोटं बोलाव, याच्यासाठी मी दरसाल कोयसे आणू? म्हणून नव्हतो येत. अन् तू घरातली असून तेच केलं."

मी रडायला लागले. लाज वाटली म्हणून, आणि खंजिरी गेली म्हणूनही. तेवढ्यात कनात बाजूला करून बेबीताई आल्या.

"चाल व रागिणी, दुसऱ्यायचं संपून राह्यलं!" आणि मग माझ्या हाताकडे बघून, "अवो माय! हे काय केलं?"

सगळं एका मिनिटात कळलं. दुसरं मंडळ मंचावर, त्यांची खंजिरी त्यांच्या हातात, आणि उतरल्यावरसुद्धा स्पर्धेत ती आम्हाला कोण देणार. पहिलं मंडळ पोहे खायला कुठे गेलं कुणास ठाऊक. चौथ्याची गाडी अजून वाटेत, वलगावात. खंजिरी भजनाच्या महोत्सवात आम्ही खंजिरीशिवाय उभ्या होतो. बेबीताई डोक्याला हात लावून खाली बसल्या.

मामाजींनी शेजारची कापडी पिशवी ओढली. आतून मफलर काढला, मफलर उलगडला, आणि त्यातून त्यांची जुनी खंजिरी निघाली. बकऱ्याच्या कातड्याची, लाकडावरचा रंग उडालेला. दरवर्षी विस्तव नीट झाला की नाही हे बघायला ते सगळ्यात आधी ती तापवायचे. सामान पाहायला आलेला माणूस! घमेलं मी चोरून आणलं होतं, पण ही खंजिरी त्यांनी स्वतः पिशवीत घातली होती. माझं रडणं तिथेच थांबलं.

त्यांनी टिचकी मारली. ढब असा मेलेला आवाज आला.

"किती वेय हाय?" त्यांनी विचारलं.

"वेळ नाही मामाजी! आता नाव घेतील!"

"विस्तवाले घाई नसते. बेबीताई, तुमी जा अन् बोलत राहा."

मंचावरून आमचं नाव पुकारलं गेलं. प्रत्येक मंडळाला मिळणाऱ्या बारा मिनिटांचं घड्याळ सुरू झालं. बेबीताई गेल्या, माईक घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि आम्हा सात जणींची ओळख करून द्यायला लागल्या. नाव, मग सासर, मग माहेर. "या सुंदराबाई, याहीचं माहेर दर्यापूरचं, याहीचे वडील शाळेत गुरुजी होते." समोर हसू फुटत होतं. मी कनातीच्या फटीतून बघत होते आणि मागे टिचकी ऐकत होते.

"नाई."

चौथीचं माहेर झालं. "याही अंजनगावच्या."

"नाई."

सहावीचं माहेर झालं. आता माझंच उरलं होतं. बेबीताईंनी माझ्या माहेरच्या गावाची नदी, बाजार, सगळं सांगायला घेतलं, जे त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

टिचकी पडली. स्वच्छ, कडक, लांब गेली. मामाजींनी खंजिरी माझ्या हातात कोंबली.

"दोन मिनिटं चालन. मंग उतरन. दव हाय."

"मग काय करू?"

त्यांनी गोणपाटाची घडी हातात घेतली, घमेल्याच्या कड्या धरल्या आणि उठले. "मंग काय? चाल पुढं."

मंचाच्या बाजूच्या दगडी पायरीपाशी एका कार्यकर्त्यानं अडवलं. "काका, विस्तव नाही चालत इथं!"

"मंग बाईची खंजिरी तू फुंकून तापवतं काय?" मामाजी म्हणाले, आणि पायरीवर घमेलं ठेवून तिथेच बसले. कार्यकर्ता बिचारा बादली घेऊन शेजारी उभा राहिला.

आणि मी वाजवलं. देवाशप्पथ सांगते, हात माझे होते पण असा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. फायबरची खंजिरी टकटक करते. ही छातीत वाजत होती. बेबीताईंनी स्वतः रचलेलं भजन उचललं, सहा जणींनी मागे ओढलं, आणि समोरची सतरंजी डोलायला लागली. दोन मिनिटांनी खरंच सूर उतरला. कडवं आलं तसं मी खंजिरी बाजूला मामाजींच्या हातात दिली. बेबीताईंनी एकटीनं ओळ गायली, नुसत्या टाळावर, मागे सगळं शांत. ओळ संपता संपता खंजिरी परत माझ्या हातात, गरम, आणि धृपदावर थाप पडली. सगळा मंडप ओरडला. लोकांना वाटलं आम्ही असंच बसवलंय! दुसऱ्या कडव्याला तेच. आता माणसं वाटच बघत होती. खंजिरी विस्तवाकडे गेली की शांत, परत आली की टाळ्या. मागे उभे असलेले पुढे सरकले. सुंदराबाई, ज्या गाताना कधी मान वर करत नाहीत, त्या हसत हसत गात होत्या. मीसुद्धा हसत होते, घाम पुसत होते, काय करत होते मला कळत नव्हतं.

तिसऱ्या कडव्याला मी हात पुढे केला तर खंजिरी आलीच नाही. मामाजी ती विस्तवावर धरून बसले होते, पण त्यांचं लक्ष विस्तवाकडे नव्हतं. टिचकी नाही, कान लावणं नाही. तोंड अर्धवट उघडं. बेबीताईंनी तीच ओळ दुसऱ्यांदा घेतली.

"मामाजी!" मी गुडघ्यानं ढोसलं तेव्हा कुठे त्यांनी ती माझ्या हातात दिली.

वेळ संपल्याचा लाल दिवा लागला तेव्हा आमचं शेवटचं कडवं राहिलं होतं. आम्ही ते गायलोच नाही. लोक मात्र टाळ्या थांबवेनात.

संध्याकाळी त्या दिवसाचा निकाल लागला. बक्षीस मिळालं नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. माहेरांमध्ये चार मिनिटं गेली, त्याचे गुण कापले, असं परीक्षकांनी सांगितलं. बेबीताई मूर्तिजापूरपर्यंत त्या परीक्षकांच्या माहेरांचा उद्धार करत होत्या. मला काही वाटत नव्हतं. माझं बक्षीस अजून पुढच्या सीटवर माकडटोपी घालून बसलेलं होतं, आणि मी ते मागायला टपले होते. चहाला गाडी थांबली, बायका उतरल्या, तशी मी पुढे जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

"मामाजी, खरं सांगा. बोलली का?"

"कोन?"

"कोण काय! खंजिरी! मी वाजवली ती!"

ते माझ्याकडे बघून, चोरी पकडल्यासारखं म्हणाले, "आयकाचं राहूनच गेलं व."

"म्हणजे?"

"मी पाहातच रायलो. बाया गाताना अशा हासतात, हे मले मालूमच नव्हतं. तुहे हात कसे चालतात, ते मी कधी पाह्यलं होतं काय? अठ्ठावीस वर्सं कनातीकडं तोंड करून बसलो मी, येड्यावानी." त्यांनी टोपी काढली आणि डोळे पुसले, उघडपणे. "आता आयकाले पुढच्या साली या लागते. कोयसे या साली दिवाईपासूनच पाहातो. इस्त्रीवाल्याचे लवकर विझतात. अन् तू दोन घे कातड्याच्या. एक वाजव, एक माह्यापाशी राहू दे."

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. आठ महिने बोटं सोलून घेतली, आणि या माणसानं ऐकलंच नाही! आता आणखी एक वर्ष त्या एका शब्दासाठी थांबायचं. मी काहीतरी झणझणीत बोलणार होते, पण ते खिडकीबाहेर बघत गुडघ्यावर आमच्या भजनाचा ठेका धरून बसले होते, आणि त्यातला एकूण एक ठोका उलटा पडत होता.